तुम्ही पेशंटचे कोण?

मी थांबलो नव्हतो. रस्ता अडला होता म्हणून गाडी थांबली. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर तालुक्याच्या एका छोट्या पेपरात 'देवदूतासारखे धावून आले' असं माझ्याबद्दल छापून आलं आणि त्यात माझं आडनाव, गाव आणि धावणं, तिन्ही चुकीचं होतं.

जानेवारी २०२२ ची गोष्ट. करोनाची तिसरी लाट होती, तरी पुतणीचा साखरपुडा पन्नास माणसांत उरकला होता आणि मी न् बायको संध्याकाळी पुण्याकडे परत निघालो होतो. सोलापूर हायवेवर वाहनं तुंबली होती, म्हणून आत वळून साखर कारखान्याच्या रस्त्याने निघालो. रस्त्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे दवाखान्याबद्दल आणि पोलीस ठाण्याबद्दल चार शब्द येणार आहेत आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचं नाही.

गळीत हंगामात त्या पट्ट्यात गाडी चालवलेल्यांना ठाऊक असेल. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली झाकलेला. असाच एक ट्रॅक्टर पंक्चर होऊन अर्धा रस्त्यावर उभा होता. चाकाला दगड लावलेले. सात वाजत आले होते, उजेड गेलेला. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून डेअरीला निघालेला एक माणूस मागून सरळ त्या उसात शिरला होता.

आम्ही पोचलो तेव्हा पंचवीस-तीस माणसं जमली होती. आधी मला दिसलं ते दूध. एका कॅनचं झाकण उडालं होतं आणि दूध डांबरावरून उताराकडे चाललं होतं. आमच्या हेडलाइटमध्ये ते एवढं पांढरं दिसत होतं की बाकी सगळं त्यानंतर दिसलं. दोन कुत्री कडेने ते चाटत होती आणि एक जण त्यांना पायाने हाकलत होता. माणूस रस्त्यात पडलेला आणि हा कुत्री हाकलतोय, असं तेव्हा मनात आलं. आता वाटतं, त्याला निदान काहीतरी करायचं होतं.

मी खाली उतरलो. बायको म्हणाली, "अहो, बघा ना काय झालंय." मी बघितलं. म्हणजे नुसतं बघितलंच. मास्क नाकावर ओढला आणि गर्दीच्या मागच्या रांगेत उभा राहिलो. पुढे कोणीतरी काहीतरी करत असणार असं मी गृहीत धरलं. पुढच्या रांगेतल्यांनीही तेच धरलं असावं, फक्त मला ते पाठीकडून दिसत होते.

गर्दीत बोलणं मात्र चाललं होतं. "हात लावू नका, पोलीस येऊ द्या." "पाणी पाजा त्याला." "पाणी नका पाजू, पाणी पाजलं की जातो." "हेल्मेट काढा." हेल्मेट नव्हतंच, डोक्याला मफलर होता. एक जण मोबाईल उंच धरून शूटिंग करत होता. "१०८ लावला का कोणी?" असं एकाने विचारलं, त्यावर तिघं एकदम म्हणाले, "लावला असंल की." कोणीच लावला नव्हता. हे मला नंतर कळलं, कारण शेवटी तो मी लावला.

किती वेळ मी तसा उभा होतो? गाडी थांबल्यावर बायकोने तिच्या बहिणीला फोन लावला होता, 'रस्ता अडलाय, उशीर होईल' असं सांगायला. त्या फोनवर ६:५२ आहे. माझा १०८ चा फोन ७:०१ चा. मधली नऊ मिनिटं मी बघ्या होतो. शाळेत विज्ञान शिकवतो, दरवर्षी प्रथमोपचाराचा धडा घेतो, रक्तस्राव कसा थांबवायचा ते फळ्यावर आकृती काढून सांगतो. नऊ मिनिटं.

त्या माणसाजवळ एकच व्यक्ती होती. ट्रॅक्टरवरच्या टोळीतली बाई, पन्नाशीची असेल. ऊसतोडीला बीडकडून आलेली, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. नऊवारीचा काचा मारलेला, अंगात नवऱ्याचा जुना फुल शर्ट, हातावर उसाच्या पात्यांचे चरे. ती रस्त्यावर मांडी घालून बसली होती, त्याचं डोकं मांडीवर आणि पदराचा बोळा करून कपाळाच्या जखमेवर दाबून धरलेला. टोळीतले बाकीचे ट्रॉलीच्या अंधाऱ्या बाजूला उभे होते. ड्रायव्हर उसात पळाला होता. तो का पळाला हे समजायला फार डोकं लागत नाही. पब्लिकच्या हाती लागला असता तर दुसरा जखमी तोच झाला असता. मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम सांगतं की अपघातातल्या जखमीला दवाखान्यात पोचवणं ही ड्रायव्हरचीच जबाबदारी, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. आपल्या गर्दीची कायद्यालाही अशी आधीपासून ओळख आहे.

बाईने मान वर केली. गर्दीवरून नजर फिरवत आणली आणि माझ्यावर थांबवली.

"ए जांभळ्या शर्टवाल्या. ती गाडी तुजीच ना? दार उघड तिचं."

साखरपुड्यासाठी शिवलेला जांभळा शर्ट त्या गर्दीत माझ्या एकट्याच्याच अंगात होता. तीस माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी खूप मोठ्या मनाने पुढे झालो असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे त्या क्षणी मागे सरकणं हे पुढे जाण्यापेक्षा अवघड झालं होतं.

आणि गंमत अशी की मी हललो तशी गर्दीही हलली. मघाचा शूटिंगवाला मोबाईल खिशात घालून "सर, पाय मी धरतो" म्हणाला. कुत्री हाकलणाऱ्याने मोटारसायकल कडेला घेतली. ही सगळी माणसं मघापासून तिथेच होती.

१०८ लागला. तो फोन पुण्याच्या केंद्रात जातो. तिथल्या मुलीने शांतपणे जिल्हा, तालुका, गाव विचारलं. गावाला मी अडखळलो. "जवळची खूण सांगा सर." चारी बाजूंना ऊस, काय खूण सांगणार? शेवटी एकाने फोन हातातून घेऊन वस्तीचं नाव, कॅनॉल, पाण्याची टाकी असं सगळं सांगितलं. फोन परत आला तेव्हा ती विचारत होती, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"कोणी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचं विचारू लागली. जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, यायला चाळीस मिनिटं तरी लागणार होती. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. राज्याचा पसारा बघता त्या आकड्यात सगळं आलं.

चाळीस मिनिटं थांबायचं की आपणच न्यायचं? धड्यात लिहिलंय की मणक्याला मार असू शकतो, हलवू नका. पण उजवी मांडी मोडून वाकडी झाली होती आणि पँटखालून रक्त येत होतं, ते थांबत नव्हतं. माझा रुमाल, बायकोची ओढणी, दोन्ही भिजले. हातपाय धरून उचलायला चौघं सरसावले तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने ओरडलो. मग बाईने ट्रॉलीकडे बघून हाक मारली आणि टोळीतल्या एका पोराने वाकळ आणून दिली. जुन्या लुगड्यांची, जाड, धुराचा वास येणारी. ती त्याच्या अंगाखाली सरकवून सहा जणांनी कडा धरल्या, मान बाईने सांभाळली आणि मागच्या सीटवर त्याला आडवं केलं. बायको पायाशी खाली दाटीवाटीने बसली, जखमेवर ओढणी दाबून.

"तुम्ही चला ना," मी बाईला म्हटलं.

तिने ट्रॉलीकडे पाहिलं. "आमचीच ट्रॉली हाय. मी कशी येऊ? तुमी जावा बिगीनं."

शूटिंगवाला पोरगा माझ्या शेजारी बसला. रस्ता त्यानेच दाखवला.

पहिला दवाखाना खासगी होता, चकचकीत. काउंटरवरच्या मुलाने वाकळीत गुंडाळलेल्या माणसाकडे बघितलं आणि विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" कोणी नाही म्हटल्यावर तो आत गेला. डॉक्टर बाहेर आले, वाईट नव्हते. जखमेवर घट्ट पट्टी बांधली, सलाइन लावलं. पण ॲडमिट करायचं तर वीस हजार डिपॉझिट, शिवाय 'एमएलसी आहे, सरकारीत न्या'. ही एमएलसी म्हणजे मेडिको लीगल केस. जखमीवर आधी उपचार करा, कायद्याचे सोपस्कार नंतर, असं सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सांगून ठेवलंय. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी काउंटरसमोर उभं राहून मी १९८९ चा निकाल ऐकवला असता असं वाटत नाही. पट्टी बांधली याचंच मला बरं वाटलं.

सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत वॉर्डबॉय मामांनी स्ट्रेचर आणलं, त्याचं एक चाक अडकत होतं. केस पेपर काढायला रांग नव्हती. नाव? माहीत नाही. वय? अंदाजे पंचेचाळीस. आणणाऱ्याचं नाव? मी सांगितलं. नाव सांगणं माझ्यावर बंधनकारक नाही हे तिथल्या भिंतीवरही असायला हवं होतं. मराठीत, दर्शनी भागात, असा २०२० पासून नियम आहे. भिंतीवर कुटुंबनियोजन आणि क्षयरोग होता.

त्याच्या खिशातला मोबाईल वाजत होता, मघापासून. लॉक होता, पण उचलता येत होता. पलीकडून कोणीतरी चिडलेला: "आरं कुठं मेलास? फॅटची मशीन बंद करतोय मी, दूध आणतोयस का न्हाय?" डेअरीवाला. मी सांगितलं ते ऐकून तो दोन सेकंद गप्प झाला. मग म्हणाला, "आलोच. त्याच्या भावाला घेऊन येतो."

तोवर साडेनऊ झाले होते. डॉक्टरांनी मांडीला स्प्लिंट लावून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायचं ठरवलं होतं, रुग्णवाहिका दारात होती. भाऊ आणि त्याच्याबरोबरची सात-आठ माणसं आली. भावाने माझा शर्ट बघितला. जांभळ्यावर रक्त काळं दिसतं. काही न विचारता त्याने माझी कॉलर धरली. "गाडी हळू चालवायला काय झालतं रं?"

लोक मदत का करत नाहीत यावर मी नंतर बरंच वाचलं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या एका मुठीत होत्या. शूटिंगवाला पोरगा मध्ये पडला आणि त्याने मोबाईल काढून भावापुढे धरला. मघाशी ज्याचा मला राग आला होता तो व्हिडिओ. त्यात ट्रॉली होती, उसात घुसलेली मोटारसायकल होती, आणि सगळ्यात शेवटी कडेला माझी गाडी येऊन थांबताना दिसत होती. भावाने कॉलर सोडली, खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली. तो माफी वगैरे काही बोलला नाही, मीही नाही.

दवाखान्यातून ठाण्याला एमएलसीची खबर गेली होती. साडेदहाला हवालदार आले. पहिलं काम त्यांनी केलं ते बॅटरी घेऊन माझ्या गाडीचा पुढचा बंपर बघण्याचं. डावीकडून उजवीकडे, मग वाकून खालून. एक जुना ओरखडा होता, त्यावर बॅटरी थांबली. "हे कशाचं?" सोसायटीच्या गेटचं, असं मी म्हणालो. तेव्हा माझ्या आवाजात जे कापरं भरलं ते खरोखरच्या गुन्हेगाराचंच होतं. मग तोच प्रश्न, "तुम्ही पेशंटचे कोण?"

आमच्या घरात एक गोष्ट पिढीजात आहे. माझ्या मामाने १९९३ की ९४ साली एका स्कूटरवाल्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं आणि पुढची चार वर्षं तो तारखांना जात होता. दर तारखेला आजी डबा देताना म्हणायची, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण मी आईच्या दुधाबरोबर प्यायलोय म्हणा ना. हवालदार बंपरवर बॅटरी मारत होते तेव्हा ती पायरी मला समोर दिसत होती.

पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला. त्याला मी नव्हतो, स्थानिक पंच होते. मला जबाबाला बोलावलं तो आठवड्याने, आणि पुन्हा एकदा पंधरा दिवसांनी, कारण पहिल्या जबाबात वेळ लिहायची राहिली होती. एकूण दोन रजा आणि दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचे दोन फेरे. दुसऱ्या खेपेआधी मी शोधाशोध करून गेलो होतो. अपघातात मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली. त्यातून २०१५ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, ३० मार्च २०१६ ला कोर्टाने ती बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम घातलं गेलं, आणि २०२० मध्ये नियम आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही लावता येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचं म्हटलं तर जबाब एकदाच, त्याच्या सोयीच्या जागी, पोलिसांनी साध्या कपड्यांत येऊन घ्यायचा.

हे सगळं मी मोबाईलवर हवालदारांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. "बरोबर आहे सर. पण आमच्याकडं जीप एक, आणि हे गणवेशातले कपडेसुद्धा बायको कालच धुवायचे म्हणून मागं लागलीय." आम्ही दोघंही हसलो. नंतर त्यांनी चहा मागवला आणि जबाब लिहायला घेतला. मी बोलत होतो घरच्यासारखं, कागदावर उतरत होतं ते असं: 'सदर इसम हा रस्त्यावर जखमी अवस्थेत मिळून आल्याने मी त्यास माझे ताब्यातील वाहनातून औषधोपचाराकामी घेऊन गेलो.' नऊ मिनिटांचं मी सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं, म्हणाले, "त्याची गरज नाही सर." बाईचं सांगितलं. "टोळीतली? ती आरोपीकडची झाली." बाई जबाबात आली नाही.

वाकळ आमच्याकडेच राहिली होती. स्ट्रेचरवर घेताना वॉर्डबॉय मामांनी ती काढून माझ्या हातात दिली होती. बायकोने तीनदा धुतली, डाग गेले, धुराचा वास राहिला. दुसऱ्या जबाबाच्या वेळी मी ती गाडीत घालून नेली, कारखान्याच्या रस्त्यावर टोळीच्या कोप्या शोधल्या. तिथे चुलींचे दगड आणि पाचटाची राख होती. टोळी दुसऱ्या फडावर गेली होती. कुठल्या, ते मुकादमाला माहीत. आणि मुकादमाचा नंबर ज्याच्याकडे असणार तो ड्रायव्हर आरोपी.

माणूस वाचला. मांडीत रॉड, दोन ऑपरेशनं, चालताना पाय ओढतो. हवालदारांनी एकदा फोनवर विचारलं, "सर, बक्षिसाचा फॉर्म पाठवू का?" गंभीर जखमीला वेळेत पोचवून जीव वाचवणाऱ्याला ५,००० रुपये आणि प्रमाणपत्र, अशी केंद्राची योजना ऑक्टोबर २०२१ पासून होती. आता ती रक्कम २५,००० झालीय आणि योजनेला 'राह-वीर' असं नाव मिळालंय. मी नको म्हटलं. यात मोठेपणा काही नाही, फॉर्ममध्ये घटनेचा वृत्तांत लिहायचा असणार आणि त्यात नऊ मिनिटं कुठे बसवायची हे मला कळत नव्हतं.

समन्स यायला अडीच वर्षं लागली. मधल्या काळात वरच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी मला बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांबद्दल सांगितलं. १९६८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि इंटरकॉमवर कोणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के. दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला. एकटा असेल तर चारातले तीन जण बाहेर येऊन सांगत होते, शेजारी दोघं गप्प बसलेले असतील तर दहातला एक. त्या दोघांकडे बघून तिसऱ्याला वाटायचं, काही विशेष नसावं. 'लावला असंल की' या वाक्याची अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत एवढी नीट मोजदाद झाली असेल असं वाटलं नव्हतं.

हे प्रयोग ज्या घटनेवरून सुचले ती न्यूयॉर्कची, मार्च १९६४ ची. किटी जेनोव्हिस नावाच्या तरुणीचा रात्री भोसकून खून झाला आणि अडतीस शेजाऱ्यांनी तो नुसता बघितला अशी बातमी न्यूयॉर्क टाइम्सने दिली. जगभर ती पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे खोलात गेलेल्यांना कळलं की अडतीस हा आकडाच कच्चा होता. बऱ्याच जणांनी नुसता आवाज ऐकला होता, एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हुसकावलं होतं. आणि सोफिया फॅरर नावाची एक शेजारीण, मारेकरी अजून तिथे आहे की नाही हे ठाऊक नसताना, जिना उतरून खाली गेली होती. किटीला तिने कवेत धरलं होतं. बातमीत ती नव्हती.

मॅडमना मी म्हटलं, "हे कसं काय राहिलं?" त्या म्हणाल्या, "बघे मोजायला सोपे असतात." अलीकडे, २०१९ मध्ये, ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊन या शहरांतल्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. अशा २१९ प्रसंगांपैकी दर दहातल्या नऊंत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. तेव्हा माणसं अगदी दगड असतात असं नाही. आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळंही आहे. सेव्हलाइफने २०१३ मध्ये आपल्या देशात विचारलं होतं, तेव्हा ७४ टक्के लोक म्हणाले होते की आम्ही बहुधा मदत करणार नाही, आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण पोलीस आणि कोर्ट. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या किती जणांभोवती आमच्यासारखी गर्दी होती ते कुठे लिहिलेलं नसतं. महामार्ग पोलिसांनी २०२१ पासून ढाबेवाले, पेट्रोल पंपावरची पोरं, गावकरी यांना 'मृत्युंजय दूत' म्हणून तयार करायला घेतलं, ते मला पटतं. त्यांच्यापैकी कोणी गर्दीत असेल तर त्याला निदान एवढं कळतं की बोट आपल्याकडेच आहे.

तर समन्स. हवालदार बदलून गेले होते, नव्या पोलिसाने आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, मग कागद. पहिल्या तारखेला आरोपी आला नाही. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. एव्हाना नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली होती, पण आमची केस जुन्या भारतीय दंड संहितेच्या २७९, २८३, ३३८ कलमांतच चालू होती. तिसऱ्या तारखेला दुपारी पावणेतीनला माझं नाव पुकारलं. आजीची पायरी प्रत्यक्षात साडेतीन इंच उंच होती, कडेची फरशी फुटलेली.

ड्रायव्हर समोर उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. पंचविशीचा, हातात टोपी. अडीच वर्षं मी ज्याला उसात पळताना कल्पत होतो तो बराच थोराड होता.

त्याच्या वकिलांनी उलटतपास घेतला. सभ्य गृहस्थ होते.

"अपघात होताना तुम्ही पाहिलात?"

"नाही."

"ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता की नव्हता, अंधारात कसं सांगता?"

"माझ्या गाडीचे दिवे होते. त्यात मला दूध दिसलं, मोटारसायकल दिसली. रिफ्लेक्टर दिसला नाही."

"तुम्ही जखमीचे कोण?"

"कोणी नाही."

"ओळख नव्हती, अपघात पाहिला नव्हता, मग तुम्ही त्याला स्वतःच्या गाडीत का घेतलंत?"

त्यांना काय सुचवायचं होतं ते माझ्या लक्षात आलं. हवालदारांच्या बॅटरीचीच ती पुढची फेरी होती. सरकारी वकील उठायला लागले, पण मी तोवर बोलून गेलो होतो.

"एका बाईने सांगितलं म्हणून."

न्यायाधीश बाईंनी कागदांवरून वर पाहिलं. "कोण बाई?"

"त्याच ट्रॉलीवरच्या. ऊसतोड. मी पोचलो तेव्हा जखमीचं डोकं मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या. मी नुसता उभा होतो, बराच वेळ. त्यांनी मला दार उघडायला लावलं."

ड्रायव्हरने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याला ती माहीत असणार, त्याच्याच टोळीतली. पण त्याला कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

"त्यांचं नाव?"

"विचारलं नाही मॅडम."

त्यांनी टंकलेखकाला मजकूर सांगितला. तो सावकाश टाइप करत होता, की-बोर्डचा आवाज येत होता. छापलेला कागद माझ्यापुढे आला. 'मी घटनास्थळी पोहोचलो त्यावेळी एक महिला जखमीजवळ बसलेली होती. तिच्या सांगण्यावरून मी जखमीस माझ्या वाहनात घेतले. मी सदर महिलेचे नाव सांगू शकत नाही.'

मी वाचून पाहिलं आणि खाली सही केली.